पालनकर्ता

आमच्या घरात एक खार वाढली, ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे. पाव्हणेरावळे अजून विचारतात, "आप्पा, ती खार पाळली हुती तुमी, तिचं काय झालं वो?" मीही रंगवून सांगतो. पण त्या गोष्टीचा सुरुवातीचा भाग मी कधी कुणाला सांगितला नाही. कारभारणीलाही नाही. आता साठी उलटून गेली. तो भाग तसाच बरोबर घेऊन जावं असं वाटत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

२०१२ सालचा उन्हाळा. आमचा सांगोला तालुका दुष्काळाला सरावलेला, पण त्या वर्षी सरावलेली माणसंही हबकली होती. माण नदीची वाळू तापायची. चारा छावण्यांची भाषा सुरू झाली होती. आमची विहीर दिवसाला जेमतेम तासभर मोटर चालवू द्यायची. त्या तासाभराच्या पाण्यावर दोन एकर भगवा डाळिंब जगवायचा होता. ठिबक होतं म्हणून जमत होतं.

आणि त्या ठिबकच्या नळ्या खारी कुरतडायला लागल्या. एका सकाळी मी सतरा भोकं मोजली. भोक पडलं की पाणी तिथंच पिचकारीसारखं उडतं आणि सरीच्या शेवटच्या झाडाला थेंब पोचत नाही. मी प्लग मारत पुढं जायचो, खारी मागं दुसरीकडं भोक पाडायच्या. आज कळतं, त्या काही मला त्रास द्यायला नळ्या कुरतडत नव्हत्या. त्यांना तहान लागली होती. रानात कुठं पाण्याचा थेंब नव्हता आणि नळीत पाणी आहे हे त्यांना कळलं होतं. त्या दिवसांत मला मात्र फक्त भोकं दिसत होती.

मी उंदराचं काळं औषध आणलं. ज्वारीचा भरडा, थोडं गोडंतेल, त्यात ती पूड कालवली आणि नळ्यांच्या कडेनं पानांवर ठेवत गेलो. मनाला सांगितलं, उंदरासाठी ठेवतोय. रानात उंदीर होतेच, त्यामुळं खोटंही नव्हतं. पण दिवसाढवळ्या भरडा खायला कोण येणार हे मला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बांधावरच्या लिंबाखाली एक खार मरून पडलेली दिसली. शेपटीला धरून उचलली तर तिच्या पोटावरचे सड ओले होते. जन्मभर गाई-शेळ्या सांभाळणाऱ्याला हे बघितल्याबरोबर कळतं. व्यालेली होती. मी इकडंतिकडं बघितलं, तिला बांधापलीकडं भिरकावलं आणि उरलेला भरडा गोळा करून पुरून टाकला.

त्याच्या पुढच्या दिवशी कारभारीण मोटरीच्या खोलीत काही आणायला गेली. पत्र्याखालच्या वाशाच्या सापटीतून बारीक चिरचिर ऐकू आली म्हणून तिनं हात घातला. काथ्या, कापूस आणि आमच्याच जुन्या सोलापुरी चादरीचे दोरे ओढून केलेलं घरटं होतं. आत तीन पिल्लं. दोन मेलेली, त्यांना मुंग्या लागलेल्या. एक जिवंत. करंगळीएवढं, डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत, पाठीवर नुसत्या पुसट रेघा. पदरात घेऊन आली.

"अवं, हिची आय कुटं गेली आसंल?"

"मला काय ठावं," मी म्हणालो.

ते पिल्लू जगलं ते माझ्या पुतण्यामुळं. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता, आय.टी.आय. झाला होता आणि कामाच्या शोधात होता. त्याचा बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ. १९९६ साली त्याच मोटरीवर शॉक लागून गेला. पोरगं पाच वर्षांचं होतं. पुढच्या वर्षी भावजय काविळीनं गेली. तेव्हापासून पोरगं आमच्या घरात. पिल्लाला हातावर घेऊन तो बराच वेळ नुसता बघत बसला. मग म्हणाला, "आप्पा, ह्याला मी बगतो."

गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते त्यानं अक्षरशः पाळलं. गाईचं दूध नको, पोट बिघडतं. शेळीचं दूध उकळून गार केलेल्या पाण्यात पातळ करून, कोमट, सुई काढलेल्या एक मिलिच्या सिरिंजनं थेंब थेंब. पिल्लाला उताणं धरायचं नाही, नाहीतर दूध नाकात जातं आणि छाती भरते. आधी अंग गरम करायचं आणि मगच पाजायचं, कारण गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. पाजून झालं की ओल्या कोमट कापसानं शेपटीखाली हळू पुसायचं, आई चाटते तसं, तेव्हा ते लघवी करतं. दर दोन तासांनी हे सगळं. रात्रीसुद्धा. पोरगं मोबाइलला गजर लावून उठायचं. गरम पाण्याची बाटली चादरीच्या तुकड्यात गुंडाळून पिल्लाशेजारी ठेवायचं.

यात एक गोष्ट पुढं कळली ती इथंच सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. पिल्लू घरट्यातून पडलं म्हणजे लगेच घरी आणायचं नसतं. त्याला ऊब द्यायची, खोक्यात घालून त्याच झाडाला बांधायचं आणि लांब व्हायचं. आई जवळपास असली तर तोंडात धरून परत नेते. आई नाहीच आली तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर कळवायचं. आणि रानातला जीव घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. यातलं काही आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. पण आमच्या पिल्लाला आई परत न्यायला येणार नाही, हे मला एकट्याला माहीत होतं.

डोळे उघडले. केस आले. पाठीवरचे पट्टे ठळक झाले. मी मोजले, पाच होते. रामानं खारीच्या पाठीवरून बोटं फिरवली आणि पट्टे उमटले असं आपल्याकडं सांगतात. त्यात बोटं तीन असतात. आमच्या खारीला दोन जास्तीचे कुणी दिले म्हणून आम्ही हसायचो. चिंगी नाव ठेवलं. ती पोराच्या शर्टाच्या खिशात झोपायची, कारभारणीच्या लुगड्यावरून डोक्यापर्यंत चढायची. भिजवलेले शेंगदाणे, पेरूची फोड, डाळिंबाचे दाणे, सगळं दोन हातांत धरून खायची. मी जेवायला बसलो की ताटाच्या कडेला येऊन भाकरीचा तुकडा घ्यायची. तिचा मला एवढा लळा लागला की रानातून आल्या आल्या मी आधी तिला हाक मारायचो.

लोक बघायला येऊ लागले. "आप्पा, लई पुण्याचं काम केलंसा. मुक्या जिवाला वाचीवलं." मी नको नको म्हणायचो, पण आवडायचं. रात्रीअपरात्री उठलं होतं पोरगं. पिल्लू आणलं होतं कारभारणीनं. पुण्य माझ्या खात्यावर जमा होत होतं. आणि ज्यानं ते पिल्लू अनाथ केलं तो इसम त्या गोष्टीत कुठंच नव्हता.

आषाढाच्या सुमाराला चिंगी दिवसभर अंगणातल्या लिंबावर राहायला लागली. संध्याकाळी यायची. एकदा मांजरानं तिच्यावर झेप घेतली, थोडक्यात वाचली. मी दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारातून पिंजरा आणला.

"आप्पा, पिंजरा कशाला?" पोरगं म्हणालं.

"मांजर खाईल की तिला."

"झाडावरच्या समद्याच खारींस्नी मांजर हाय."

"त्या आपल्या न्हाईत. ही आपली हाय."

त्या रात्री तिला कोंडलं. रात्रभर ती पिंजऱ्यात चकरा मारत होती. तारेवर नाक घासून घासून रक्त आलं. सकाळी मी उठायच्या आत पोरानं दार उघडलं होतं. मी फार बोललो त्याला. "रात रात जागून वाढीवली आन् मांजराच्या तोंडात दिलीस?" तो म्हणाला, "जागलो म्हून काय ती माजी झाली का?" आणि बादली घेऊन गोठ्याकडं गेला. चिंगी पुढं आठ-दहा दिवस संध्याकाळची येत राहिली. मग यायची थांबली. झाडावरच्या खारींत ती कोणती हे ओळखू येईना.

श्रावणात गावात हरिनाम सप्ताह होता. कीर्तनात महाराजांनी भरत राजाची गोष्ट लावली. तुम्हाला माहीत असेल. राज्य सोडून वनात गेलेला राजा नदीकाठी जपाला बसला होता. सिंहाची डरकाळी ऐकून गाभण हरिणीनं नदीवरून उडी घेतली, पाडस पाण्यात पडलं, हरिणी मेली. राजानं पाडस उचलून आश्रमात आणलं. त्याला चारता-पाणी पाजता जप गेला, तप गेलं. मरताना देवाऐवजी पाडस आठवलं आणि पुढच्या जन्मी राजा हरीण झाला. महाराज म्हणाले, म्हणून कशात जीव अडकवू नये. लोकांनी माना डोलावल्या.

माझी मान काही डोलली नाही. मला त्या गोष्टीनं घोर लावला. राजानं काय करायला पाहिजे होतं? पाडस वाहून जाताना बघत जप करायचा होता? तसा जप कुठल्या देवाला पोचला असता? उचललं ते बरोबरच केलं. मग चुकलं कुठं? मला वाटतं, पाडस मोठं झालं, त्याला पाय फुटले, कळपाची ओढ लागली, तिथं राजाचं काम संपलं होतं. ते संपलं हे राजाला पटलं नाही. आधी पाडसाला राजाची गरज होती. नंतर राजाला पाडसाची गरज लागली आणि हा बदल कधी झाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. मलाही कळलं नव्हतं. मी पिंजरा आणला तो मांजराच्या भीतीनं, असं मी म्हणत होतो. खरी भीती होती की संध्याकाळी हाक मारली आणि ती आलीच नाही तर?

राजापेक्षा माझं एक जास्त वाईट होतं. त्याच्या गोष्टीत डरकाळी सिंहानं फोडली आणि पाडस राजानं उचललं. माझ्या गोष्टीत सिंहही मी आणि राजाही मीच.

खरं तर हा प्रश्न माझ्या पिंजऱ्यापुरता नाही. प्रकाश आमटे १९७३ नंतर हेमलकशाला राहिले, तेव्हा शिकारी आदिवासी मारलेली माकडीण खांद्यावर टाकून निघाले होते आणि तिच्या छातीला जिवंत पिल्लू चिकटलेलं होतं. आमट्यांनी तांदूळ देऊन ते पिल्लू मागून घेतलं, तिथून त्यांचं प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. मला यात तांदूळ महत्त्वाचे वाटतात. शिकारी भुकेले होते. त्यांना पापी न म्हणता त्यांच्या पोटाचं बघितलं, म्हणून पिल्लू सुटलं. आणि अलीकडं, २०२४ साली, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात पीनट नावाच्या खारीची बातमी आली. तिची आई गाडीखाली गेली होती. एका माणसानं तिला सात वर्षं घरात सांभाळलं. एकदा सोडूनही बघितली होती, तर अर्धी शेपटी गमावून परत आली. परवाना नाही म्हणून सरकारी माणसं तिला घेऊन गेली, तपासणीत ती एकाला चावली आणि रेबीज आहे का बघायला तिला मारून टाकलं. रेबीज नव्हताच. ती बातमी ऐकून मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. त्यानं सोडून बघितलं होतं, ती परत आली. मला कुणी विचारलं असतं तर तिला ठेव असंच मी म्हणालो असतो. म्हणजे प्रत्येक वेळी सोडून देणंच बरोबर असं नाही. जीव कशानं जगेल हे त्या जिवाकडं बघून ठरवायचं, आपल्या लळ्याकडं बघून नाही आणि नुसत्या कागदाकडं बघूनही नाही.

एवढं सगळं शहाणपण श्रावणात सुचलं आणि दिवाळीत मी ते विसरलो.

त्या दिवाळीत पोरगं म्हणालं, "आप्पा, माज्या बापाची वाटणी मला करून द्या. मी येगळं करून बगतो." आवाज चढवून नव्हे, जेवता जेवता, खाली मान घालून. माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी म्हणालो, "तुला लहानाचा मोठा केला कुणी? पाच वर्साचा हुतास. रस्त्यावर पडला असतास." आणखीही बोललो, ते लिहवत नाही. पोरगं ताटावरून उठलं. चार दिवसांनी पिशवी घेऊन पुण्याकडं गेलं, चाकणला कंपनीत लागलं. कारभारीण दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

पुढं पीक कर्जाच्या कामाला सातबारा काढला. तलाठ्याच्या हातचा कागद मी वर्षानुवर्षं बघत होतो, पण त्या दिवशी नीट वाचला. भावाच्या नावाला कंस, खाली वारस म्हणून पोराचं नाव, आणि त्यापुढं लिहिलेलं: अज्ञान, अ.पा.क. चुलता. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस लहान असला की त्याच्या वतीनं जमीन सांभाळणाऱ्याचं नाव असं लावतात. पोरगं अठरा वर्षांचं झाल्यावर अर्ज करून तो शेरा काढायचा असतो. तीन वर्षं उलटून गेली होती. मी काढला नव्हता, त्यालाही सांगितलं नव्हतं.

मी कचेरीच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसलो. हिशेब साधा होता. पाच एकर जमीन, भाऊ असतानाच आमची तोंडी वाटणी झालेली. उगवतीकडचं अडीच एकर त्याचं. विहीर त्याच्यात. दोन एकर डाळिंब लावलं तेही त्याच्यातच, कारण पाणी जवळ. पोराच्या शाळेचा खर्च, कपडे, आय.टी.आय.ची फी, सगळं त्या डाळिंबातून गेलं. आमच्या घराचा स्लॅब पडला, लेकीचं लग्न झालं, तेही त्याच डाळिंबातून. मी पोराला त्याच्या बापाच्या ताटातलं वाढत होतो, वर स्वतःही जेवत होतो, आणि पोराला म्हणत होतो, तुला खायला कुणी घातलं.

तेव्हा मला लिंबाखालची ती खार आठवली. आई मारायची आणि पिल्लाला दूध पाजून गावाकडून पुण्य घ्यायचं. दोन्ही ठिकाणी देणेकरी मी होतो आणि सावकाराच्या थाटात बोलत होतो.

मी असं म्हणत नाही की पोराला वाढवण्यात माझं काहीच नव्हतं. गोवर आला तेव्हा कारभारणीनं त्याला मांडीवरून खाली ठेवलं नाही. मी त्याला खांद्यावर घेऊन पंढरीला गेलोय. माया होती, खरी होती. पण मायेची पावती फाडता येत नाही. फाडली की तो व्यवहार होतो, आणि व्यवहारच करायचा म्हटलं तर सगळं खातं उघडावं लागतं. ते उघडलं तेव्हा बाकी माझ्याकडं निघाली.

सरकारी कागदात इतका चांगला शब्द असेल असं वाटलं नव्हतं. पालनकर्ता. मालक नाही. सांभाळणारा, आणि तोही ठरावीक मुदतीचा. मुदत सरली की आपलं नाव आपण होऊन काढायचं. चिंगीनं तिचा शेरा तीन महिन्यांत स्वतःच काढून घेतला होता. पोरानं तोंडानं मागितला तरी मी दिला नाही.

लगेच धावत जाऊन सगळं नीट केलं असं म्हणालो तर ते खोटं होईल. मला दीड वर्ष लागलं. डाळिंब हातचं जाणार ही गोष्ट सोपी नव्हती. २०१४ च्या उन्हाळ्यात मी चाकणला गेलो. त्याच्या खोलीवर चहा झाला. म्हणालो, "तलाठ्याकडं यायला लागंल तुला. शेरा काढायचाय." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "आप्पा, काकीचं गुडघं कसं हायत?"

आज तो रानातच आहे. डाळिंबाला तेल्या आला, मग मर आली, बाग काढावी लागली. त्यानं परत नवी लावली. विहिरीचं पाणी आठवड्यातले दिवस ठरवून घेतो. भांडणं होतात, मिटतात. बांधावर आता दोन ठिकाणी सिमेंटच्या डोणी आहेत, उन्हाळ्यात त्यात पाणी भरतो. खारी येतात, पितात. नळ्यांना भोकं पडायची पूर्ण थांबली नाहीत, कमी झालीत. उघड्यावर औषध मात्र मी परत ठेवलं नाही, उंदराला सापळा लावतो. मी साधू झालो असं समजू नका. फवारणी करावी लागते, त्यात किती जीव जातात याचा हिशेब नाही. शेती करणाऱ्याला हात पांढरे ठेवता येत नाहीत. पण जो जीव आपल्या हातानं गेला त्याचं नाव उंदराच्या औषधाखाली लपवायचं नाही, एवढं करता येतं.

भरड्याची गोष्ट पुतण्याला अजून माहीत नाही. चिंगीची आई मांजरानं नेली असेल असंच तो धरून चाललाय. हे छापून आलं की तो वाचेल. कारभारणीला वाचता येत नाही. तिला वाचून दाखवायचं काम माझं आहे.